मनमाडला गाडी बदलता येत होती, आभाळात येत नाही : विमानसुरक्षेचे नियम आणि देशादेशांतला विश्वास

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे उभे राहिलेले तरुण मित्र. पुढे जागा आहे, या, बसा.

समर्थांच्या जन्मगावी तत्त्वज्ञानाचा एक म्हातारा प्राध्यापक बोलायला येतो आणि विषय काय, तर विमानाचे नियम. काहींना नवल वाटलं असेल. पण समर्थांची ती आख्यायिका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानावर पडला आणि ते निघून गेले. तो शब्द आपण प्रत्येक लग्नात ऐकतो, अक्षता टाकतो आणि पंगतीला बसतो. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ घेतला. आज आपल्यालाही एका रोजच्या शब्दाचा अर्थ घ्यायचा आहे. तो शब्द म्हणजे 'प्रमाणपत्र'. एका देशाने दिलेलं प्रमाणपत्र दुसऱ्या देशाने का मानायचं, आणि कुठवर मानायचं?

मीटरगेज आणि हाली सिक्का

इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, जालन्याहून मुंबईला जायचं तर मनमाडला उतरावं लागायचं. आपली लाईन निजामाच्या काळातली, मीटरगेज. मुंबईकडची ब्रॉडगेज. दोन रुळांमधलं अंतरच वेगळं, तर गाडी पुढे जाणार कशी? मग ट्रंका, वळकट्या, पोरं, सगळं घेऊन फलाट बदलायचा. मालाचे डबे रिकामे करून पोती दुसऱ्या डब्यात भरायची. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रॉडगेज झाली तेव्हा कुठे हे थांबलं.

त्याही आधीची गोष्ट घ्या. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात कलदार. बाजाराला गेलेल्या माणसाला पैसे बदलून घ्यावे लागत, आणि बदलणारा बट्टा कापून घेई.

आता बघा, या दोन्ही ठिकाणी नियम जुळत नव्हते म्हणून नुकसान काय झालं? वेळ गेला, बट्टा गेला, कंबर दुखली. जीव गेला नाही. कारण जिथे दोन नियम भेटत होते तिथे माणूस थांबत होता. विमानाला ती सोय नाही. मुंबईहून लंडनला निघालेलं विमान वाटेत कितीतरी देशांच्या डोक्यावरून जातं. प्रत्येक देश म्हणाला, 'खाली उतरा, आमच्या मापाने तपासू', तर ते विमान पोचणारच नाही. आणि कुणीच काही तपासलं नाही, तर पोचेल की नाही ते सांगता येणार नाही.

शिकागोतला करार

दुसरं महायुद्ध अजून चालू होतं, तेव्हाच हा प्रश्न काही लोकांना दिसला. १ नोव्हेंबर १९४४ पासून शिकागोत परिषद भरली आणि ७ डिसेंबरला ५२ देशांनी एका करारावर सह्या केल्या. आपण तेव्हा पारतंत्र्यात होतो, तरी भारताचीही सही त्यात आहे. त्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिला 'आयकाओ' म्हणतात. कचेरी कॅनडात, मॉन्ट्रियलला. आज १९३ देश तिचे सदस्य आहेत आणि कराराला १९ परिशिष्टं आहेत. विमानाची लायकी, वैमानिकाचा परवाना, विमानतळ, अपघाताची चौकशी, एकेका विषयाला एकेक परिशिष्ट.

या करारातली तीन कलमं आपल्या कामाची आहेत. ३७ वं कलम म्हणतं, नियम शक्य तितके सारखे ठेवा. ३३ वं म्हणतं, एका देशाने विमानाला किंवा वैमानिकाला दिलेलं प्रमाणपत्र दुसऱ्या देशाने ग्राह्य धरावं. अट एकच, ते देताना ठरलेली किमान पातळी पाळलेली असावी. आणि ३८ वं म्हणतं, एखादा नियम तुम्हाला पाळता येत नसेल किंवा तुमचा नियम वेगळा असेल, तर तो फरक कळवा.

मला यातलं ३८ वं कलम सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. करार करणाऱ्यांना माहीत होतं की सगळे देश सगळं सारखं करणार नाहीत. म्हणून त्यांनी फरकाला बंदी घातली नाही, लपवाछपवीला घातली.

आपल्याकडे यासाठी एक चांगला शब्द आहे, 'एकवाक्यता'. हल्ली आपण तो एकमत या अर्थाने वापरतो. मीमांसकांच्या शास्त्रात त्याचा अर्थ जास्त नेमका होता. वाक्यातले शब्द वेगवेगळे असतात, पण सगळे मिळून एकच अर्थ पुरा करतात आणि एक शब्द काढला तर बाकीचे लंगडे पडतात. ती एकवाक्यता. देशादेशांचे नियम जुळवायचे म्हणजे या अर्थाने जुळवायचे. शब्दाला शब्द सारखा असला पाहिजे असं नाही. पण प्रवासी सुखरूप उतरला पाहिजे, हा अर्थ सगळ्यांनी मिळून पुरा झाला पाहिजे.

आप्त कोण?

आता माझ्या विषयाचं थोडं बोलतो. कंटाळा आला तर हात वर करा.

आपल्याला ज्ञान कसं होतं? डोळ्यांनी पाहून होतं, ते प्रत्यक्ष. धूर पाहून विस्तव ओळखतो, ते अनुमान. आणि तिसरं, विश्वासाचा माणूस सांगतो म्हणून आपण मानतो, ते शब्दप्रमाण. विमानात बसणारा माणूस इंजिन उघडून पाहत नाही. तो शब्दावर बसतो. आणि दुसऱ्या देशाचं विमान आपल्या आकाशात येऊ देणारं सरकारही शब्दावरच येऊ देतं.

मग कुणाचा शब्द मानायचा? न्यायशास्त्र म्हणतं, आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं! न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन सांगतो, ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो आणखी एक मोठी गोष्ट सांगतो. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. सांगणारा कोणत्या कुळातला, कोणत्या मुलखातला, याला महत्त्व नाही. त्याने पाहिलं का, आणि खरं सांगतो का, एवढंच बघायचं.

शिकागो करारातलं ३३ वं कलम आणि वात्स्यायनाची ही व्याख्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकेचं प्रमाणपत्र अमेरिकेचं म्हणून मानायचं नाही. कझाकस्तानचं, कझाकस्तानचं म्हणून नाकारायचं नाही. ज्याने दिलं त्याने खरंच तपासलं का?

बीड रस्त्यावरचा ट्रक

फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, चिकलठाण्यावर २६ एप्रिल १९९३ ला जे घडलं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान भर दुपारी मुंबईला निघालं होतं. आत ११८ माणसं. विमान धावपट्टीवरून उशिरा उचललं गेलं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जातो. त्या रस्त्यावरून एक ट्रक चालला होता, कापसाच्या गाठींनी भरलेला. विमानाचा खालचा भाग त्या ट्रकला लागला, पुढे विजेच्या तारांना लागला आणि विमान कोसळलं. ५५ माणसं गेली.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं, विमान उडण्याच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने रोखली नव्हती.

यात परका देश कुठेच नाही. विमान आपलं, कंपनी आपली, ट्रक आपला, कापूस तर आपल्याच रानातला. तरीही मी ही गोष्ट इथे सांगतो. धावपट्टीच्या टोकाला अडथळा नसावा, हा नियम जगभर एकच आहे, १४ व्या परिशिष्टात आहे. कागदावर एकवाक्यता पूर्ण होती. पण मॉन्ट्रियलला लिहिलेला नियम बीड रस्त्यावर वाहनं थांबवणाऱ्या माणसापर्यंत पोचला नाही, तर त्या एकवाक्यतेचा उपयोग काय? २००३ पासून आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या विमानतळांनाही प्रमाणपत्र सक्तीचं झालं, ते याच विचाराने. विमान कितीही नीट तपासलेलं असो, ते उतरणार शेवटी कुणाच्या तरी जमिनीवर.

दोन विमानं, दोन सवयी

आता दोन देश भेटतात तिथे काय होतं ते पाहू. १२ नोव्हेंबर १९९६. हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीत उतरायला खाली येत होतं. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. मध्ये हजार फुटांचं अंतर. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं आणि दोन्ही विमानं हवेतच भिडली. ३४९ माणसं गेली, एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक विमानाने परवानगी नसताना उंची सोडली, हे कारण ठरलं. आणि त्यामागे इंग्रजीचं अपुरं ज्ञान, हेही नोंदलं गेलं. सोव्हिएत परंपरेतले वैमानिक उंची मीटरमध्ये मोजणारे, आपल्याकडे फुटांत. त्यांच्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वेगळा, विमान चालवणारा वेगळा. प्रत्येक सवय आपापल्या घरी ठीक होती. दोन घरं एका आकाशात आली तेव्हा मनमाडचा फलाट मध्ये नव्हता.

यानंतर भारताने आपल्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं. म्हणजे नियम नेहमी पश्चिमेकडूनच येतात असं नाही, हेही लक्षात ठेवा. पुढे आयकाओने वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीच्या सहा पायऱ्या ठरवल्या. परदेशी उड्डाणासाठी निदान चौथी पायरी हवी, असा नियम २००८ पासून लागू झाला.

यंत्र आलं म्हणजे प्रश्न संपला? नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर रशियाचं प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांच्या वाटेत आले. दोघांकडे तेच टक्कर टाळणारं यंत्र होतं. यंत्राने रशियन वैमानिकांना सांगितलं, वर जा. जमिनीवरच्या नियंत्रकाने सांगितलं, खाली जा. ते खाली गेले. मालवाहू विमानाला त्याच्या यंत्राने खालीच जायला सांगितलं होतं. ७१ जीव गेले, त्यात शाळकरी मुलं होती.

जर्मन चौकशीत स्पष्ट झालं की यंत्र सारखं होतं, पण यंत्र आणि माणूस यांच्यात मतभेद झाला तर कुणाचं ऐकायचं, याबद्दलचे नियम अपुरे होते, काही ठिकाणी एकमेकांशी विसंगतही होते. त्यानंतर नियम निःसंदिग्ध केला गेला, अशा वेळी यंत्राचं ऐका. वस्तू सारखी करणं सोपं असतं, मंडळी. तिचा अर्थ सारखा करणं अवघड.

सगळ्यांनी एकाच्याच डोळ्यांनी पाहिलं

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग सगळं जग एकाच नियमाखाली आणा, एकानेच तपासावं, भानगड मिटली. आता त्याची दुसरी बाजू.

बोइंग ७३७ मॅक्स या विमानाला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने मार्च २०१७ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे सगळ्यात आधी मुंबईच्या जेट एअरवेजने ते आणलं, मग स्पाइसजेटने. या विमानात एक नवी यंत्रणा होती, वेळ आली की आपणहून विमानाचं नाक खाली दाबणारी. ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चालायची. संवेदक चुकला तर यंत्रणा चुकणार. आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखच नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात १८९ माणसं गेली. १० मार्च २०१९ ला इथिओपियात १५७.

इतक्या देशांनी ते विमान कसं स्वीकारलं? शब्दप्रमाणाने. बाकीच्या देशांनी बहुतांशी अमेरिकेच्या प्रशासनाचा शब्द मानला. अमेरिकेच्या प्रशासनाने तपासणीचा बराच भाग बोइंगच्याच माणसांकडे सोपवला होता. म्हणजे साखळी मागे मागे नेली तर शेवटी कोण उभं? ज्याने विमान बनवलं तोच. वात्स्यायनाची पहिली अट होती, स्वतः जाणलेलं असावं. इथे स्वतः जाणणारे फार थोडे होते. जणू वर्गात एकाने गणित सोडवलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. सगळ्यांची उत्तरं जुळली म्हणून गुरुजी खूश! एकवाक्यता दिसत होती, पण पाहणारा डोळा एकच होता. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ब्राझीलच्या नियामकाने स्वतः तपासताना, जुन्या आणि नव्या विमानातल्या फरकांत या यंत्रणेची नोंद केली होती. ज्याने पाहिलं त्याला ती दिसली.

दुसऱ्या अपघातानंतर काय झालं बघा. ११ मार्चला चीनने मॅक्स जमिनीवर आणलं. १२ तारखेला युरोपने, त्याच रात्री भारताने. ज्या देशाने मान्यता दिली होती, तो अमेरिका १३ तारखेला. आणि परत उडवतानाही प्रत्येकाने आपापलं तपासलं. अमेरिकेने नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी दिली, युरोपने जानेवारी २०२१ मध्ये, भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये. काही लोक म्हणाले, एकवाक्यता मोडली. मला वाटतं, तेव्हा ती खरी झाली. नियम एक असावा आणि तपासणारे डोळे अनेक असावेत, हे तेव्हा जगाला पटलं.

आपली बाजू

दुसऱ्याचा शब्द तपासायचा तर आपल्याकडे तपासणारी माणसं हवीत. ३१ जानेवारी २०१४ ला अमेरिकेने भारताला दुसऱ्या श्रेणीत ढकललं. त्यांनी आपली विमानं वाईट ठरवली नव्हती, आपली देखरेख अपुरी ठरवली होती. प्रशिक्षित, पूर्णवेळ तपासनीस कमी होते आणि काही तर हवाई कंपन्यांकडूनच उसने आणलेले वैमानिक होते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच पगारावर तपासनीस! वात्स्यायनाची दुसरी अट, जसं पाहिलं तसं सांगण्याची इच्छा, ती इथे अडते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणं सुरू करता येईनात. माणसं नेमली गेली, सुधारणा झाल्या आणि ८ एप्रिल २०१५ ला पहिली श्रेणी परत मिळाली. कायदाही आता नवा आहे. १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

याचा पोटापाण्याशीही संबंध आहे, म्हणून तरुणांना सांगतो. नागपूरला मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं केंद्र बोइंगने एअर इंडियासाठी उभारून दिलं. अशा केंद्राला परदेशी विमान दुरुस्त करायचं, तर ज्या देशाचं विमान त्या देशाची मान्यता लागते. इथल्या पोराने घट्ट केलेला नट परदेशात मान्य व्हायचा, तर नियम जुळलेले हवेत. आणि नियम जुळले तरी तो नट घट्ट केलेला असला पाहिजे.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातात २६० माणसं गेली. त्याच्या कारणांवर मी काही बोलणार नाही, तो चौकशीचा विषय आहे. पण चौकशीची रीत बघा. विमानाची रचना अमेरिकेतली, प्रवाशांत ब्रिटनचे नागरिक, घटना भारतात. १३ व्या परिशिष्टाप्रमाणे चौकशी भारताची आणि त्या देशांचे प्रतिनिधी सोबत. प्राथमिक अहवाल महिन्याभरात, जुलैत आला. या चौकशीचा हेतू दोषी शोधणं हा नसतो, पुन्हा घडू नये हा असतो. तिथेही डोळे अनेक आहेत.

प्रश्नोत्तरं

*एक तरुण : सर, हे नियम शेवटी विमानं बनवणाऱ्या श्रीमंत देशांचेच ना? आपण ते का मानायचे?*

चांगला प्रश्न आहे. जो बनवतो त्याचा आवाज मोठा असतो, हे खरं. पण मगाशी टक्कर टाळणाऱ्या यंत्राचं सांगितलं, तिथे भारताने पुढाकार घेतला. आणि नियम कुणी लिहिला यावरून तो चूक किंवा बरोबर ठरत नाही. वात्स्यायनाने म्लेंच्छाचाही शब्द मानायला सांगितलं, पण बिनशर्त नाही. आपली अट घालण्याची ताकद आपल्या तपासनिसांत, आपल्या अभियंत्यांत असते. ती नसेल तर नाकारलं काय आणि मानलं काय, दोन्ही आंधळंच.

*एक आजोबा : मास्तर, एवढं सगळं ऐकून मग विमानात बसावं का नाही?*

बसा की! (हशा) मी जे अपघात सांगितले, त्यांतल्या बहुतेकांनंतर एखादा नियम सुधारला गेला, आणि त्या सुधारणेचं कवच तुम्हाला आहे. बसताना विमानाच्या अंगावर बघा, भारतीय विमान असेल तर नोंदणीची अक्षरं 'व्हीटी'ने सुरू होतात. ती अक्षरं म्हणजे आपल्या देशाने जगाला दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळायला आपल्याकडे पुरेसे तपासनीस आहेत का, त्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे मत मागायला येणाऱ्या आपल्या खासदाराला विचारा. ते विचारायला विमानाचं तिकीट लागत नाही.